'चंकिंग'ला मराठीत काय म्हणावं? पेंडी चालेल?

कृष्णाकाठ : सांगलीत बी.ए.ला बोधनिक मानसशास्त्र शिकवते. काल स्मृतीचा तास होता, जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा लेख घेतला. डोक्यात एका दमात सातेक नग मावतात, दोन इकडेतिकडे. पण सुटे नग बांधून घेतले की तेवढ्याच जागेत जास्त बसतं. हेच चंकिंग. माझ्या जुन्या नोट्समध्ये 'खंडीकरण' आहे. अहो, खंड म्हणजे तोडणं, इथं तर जोडणं चाललंय! म्हणून फळ्यावर 'पेंडी बांधणे' लिहिलं. तासगावची पोरं खूश. पुण्याहून आलेली एक म्हणाली, "मॅडम, पेंड म्हणजे गुरांची ना?" दुसरा शब्द आहे का?

शनिवारपेठ : पेंड वेगळी, पेंडी वेगळी. पण पेंडी कडब्याची. मेथीची जुडी.

माणदेशी : आमच्या बाजारात मेथीचीबी पेंडीच. आणि मॅडम, पाच पेंड्यांचा पाचुंदा विसरू नका. आमचा आजा कडबा पाचुंद्यानंच मोजायचा, वीस झाले की शेकडा. एकेक पेंडी मोजत बसला असता तर मधेच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

कृष्णाकाठ : पेंडीचीही पेंडी! हे उद्या वर्गात सांगते.

शब्दनिष्ठ : परिभाषा म्हणजे भाजीबाजार नव्हे. 'गुच्छन' घ्या. गुच्छित, गुच्छनक्षमता अशी रूपं होतात. पेंडीचं काय करणार, 'पेंडनीय'?

माणदेशी : पेंडीबी संस्कृतच की. पिंडावरनं आली असणार.

शब्दनिष्ठ : 'असणार' ही व्युत्पत्ती नव्हे.

वखारभाग : मी बुद्धिबळवाला. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचा १९७३ चा प्रयोग बघा. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर उस्ताद बरीचशी परत मांडतो. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या की तोही नवशिक्यासारखाच चाचपडतो. किल्लेकोट करून कोपऱ्याकडे सरकलेला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी, हे आम्हाला एकच दिसतं. त्याला पेंडी म्हणवत नाही. पेंडीत सगळ्या काड्या सारख्याच. मी 'जुळणी' म्हणेन.

शनिवारपेठ : फोन नंबर आमची ही पाच-पाच आकडे सांगते, मी दोन-दोन. परवा तिनं माझाच नंबर वाचून दाखवला आणि मी म्हटलं, कुणाचा गं हा?

कृष्णाकाठ : झकास उदाहरण. पण शब्द?

शब्दनिष्ठ : गुच्छन.

माणदेशी : इथंच घोडं पेंड खातंय.

शनिवारपेठ : बरं, तुमच्याकडं मेथी काय भाव सध्या?

माणदेशी : पेंडी पंधराला. जुडी मागितली तर वीस.