मगोची घसरण: जनमत कौलामुळे की युतीमुळे?

अंत्रुजकर: गोव्यातला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात संपला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या मगोच्या मागणीच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. मागणी हरली, तरी त्याच वर्षी मगोचे भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७२मध्ये १८ आमदार निवडून आले. बहुजन समाज मगोमागे होता तो कुळांसाठी आणि गावोगावच्या मराठी शाळांसाठी. घात केला १९९४च्या भाजपशी केलेल्या युतीने. तेव्हा मगोच्या जागा १२, भाजपच्या ४. १९९९मध्ये मगो ४, भाजप १०. २००२मध्ये २ आणि १७!

बार्देसकर: खिंडार त्याआधीच पडलं होतं. १९७९मध्ये स्वतःचेच आमदार फुटले आणि मगोच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांचं सरकार पडलं. १९८०मध्ये ३०पैकी ७ जागा, त्यानंतर ताईच काँग्रेसमध्ये गेल्या. १९७५चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्यांचा) कायदा आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी १९७६ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाल्यावर पक्षाकडे पुढचा कार्यक्रमच उरला नाही. १९८७मध्ये कोकणी राजभाषा झाली, गोवा घटक राज्य झालं. मग मगो कशासाठी?

अंत्रुजकर: मग १९८९मध्ये ४०पैकी १८ जागा कुठून आल्या? काँग्रेसला २० होत्या, म्हणजे सत्ता हाताशी होती. युतीत नेमकं काय होतं ते बघा. मतदारसंघ मित्रपक्षाला सोडला की तिथला आपला कार्यकर्ता दुसऱ्याच्या चिन्हाचा प्रचार करतो. बूथवरची माणसं, घरोघरचा संपर्क, सगळं त्या पक्षाकडे जातं. पुढे युती मोडली तरी तिथे सिंहासाठी, म्हणजे मगोच्या चिन्हासाठी, राबणारं कोणी उरत नाही.

पेडणेकर: लहान पक्षाच्या फुटीचा हिशेब दोघांनीही सोडलात. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण स्वीकारलं तर त्यांची आमदारकी जात नाही. तिघांच्या पक्षात दोघे पुरतात. मार्च २०१९मध्ये मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर याच वाटेने भाजपमध्ये गेले, मागे राहिले एकटे सुदिन ढवळीकर. पक्ष जितका लहान, तितका फोडायला सोपा.

बार्देसकर: आणि २०२२मध्ये? तृणमूलशी युती करून मतं मागितली, मडकई आणि मांद्रे जिंकले, निकालानंतर पाठिंबा भाजपला. भाजपविरोधी मतदाराने पुन्हा विश्वास का ठेवावा?

अंत्रुजकर: हे मान्य. पण कार्यक्रम संपला होता हे मान्य नाही. मुंडकारांचे दावे मामलेदार कचेऱ्यांत अजून पडून आहेत. ते धसाला लावायला मगोला कोणी अडवलं होतं?