तरवड जगत नाही, मदत हवी आहे

घरची_बाग: कुंपणाला तरवड लावायचाय. माळावर कुणी थेंबभर पाणी घालत नाही तरी पिवळाधमक फुलतो आणि माझ्याकडे आला की माना टाकतो. बियाही टाकून पाहिल्या, एक उगवेल तर शपथ. नवरात्रात घटाला तरवडाचीच माळ लागते आमच्यात. खत कोणतं घालू? लवकर सांगा.

मुरमाड: गाव कुठलं? जमीन कसली? रोपं नर्सरीतली की माळावरून खणून आणलेली?

अंगणकाकू: त्यापेक्षा बोगनवेल लावा. पाणी नको, वर्षभर रंग.

रानवाट: काकू, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. तरवडाच्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, बोगनवेलीवर त्यांना काय मिळणार?

अंगणकाकू: सासूबाईंच्या काळापासून माझ्या दारात आहे, ती परकी कशी? आणि बागेत अळ्या कुणाला हव्यात?

चुलीवरचं: तरवडाच्या कोवळ्या पानांची भाजी करतात ना पावसाळ्यात? लसूण, डाळ घालून?

रानवाट: तो टाकळा, ताई. तरवडाला शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर उघड्या माळावर टिकतो.

घरची_बाग: भाजी राहू द्या. लातूर, काळी जमीन. रोपं माळावरूनच आणली, चांगली फूटभर उंचीची. शेणखत भरपूर दिलंय. गुलाबाचं ठिबक तिथूनच जातं, रोज चालू असतं.

मुरमाड: मग खत नकोच. तरवडाचं सोटमूळ खोल जातं, खणताना तुटतं. त्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि वर रोजचं ठिबक, मूळ कुजणारच. ती नळी आधी बंद करा. खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळा, जागा थोडी उंच करा, दिवसभर ऊन हवं. बियांचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, फुगतील तेवढ्याच जागेवर पेरा.

रानवाट: जागेवर नको. काळ्या रानात तण रोप दडपून टाकतं. उंच पिशवीत वाढवा आणि मूळ तळाला टेकायच्या आत लावा.

मुरमाड: पिशवीत मूळ वळतं. वळलेल्या मुळाचं झाड पुढे उन्हाळ्यात बसतं, मी पाहिलंय. तण काय, खुरप्याने निघतं.

जुनापेठी: पूर्वी कातडी कमवायला तरवडाची साल वापरत. तेलंगणात हेच फूल बतुकम्मा या फुलांच्या सणात रचतात, तंगेडू म्हणतात, राज्यफूल आहे त्यांचं. आपल्याकडे मात्र रस्ता रुंद करताना आधी तोच उपटतात.

घरची_बाग: दोन्ही करून बघते, निम्म्या बिया जागेवर, निम्म्या पिशवीत. पॉलिश पेपर किती नंबरचा आणू?

मुरमाड: कोणताही खरखरीत चालेल. बियांची चकाकी गेली की थांबा, आतला गर उघडा पडू देऊ नका.