मदत हवी आहे : डोंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात सहा आठवडे रोज जाण्यायेण्याचा स्वस्त मार्ग

नमस्कार,

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्या घशाच्या कर्करोगावर परळच्या टाटा रुग्णालयात पुढील सोमवारपासून किरणोपचार सुरू होत आहेत (आमच्या गावाकडे याला 'लाइट घेणे' म्हणतात). सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, असे साधारण सहा आठवडे जावे लागेल. आम्ही कराड तालुक्यातले असून सध्या डोंबिवली पूर्वेला मावशीकडे उतरलो आहोत.

तपासण्यांच्या वेळी वडिलांना त्रास नको म्हणून मी मोबाइलवरून गाडी बोलावत असे. एका फेरीला हजार-अकराशे रुपये जात, शिवाय वाहतूक तुंबली की दोन-अडीच तास बसून राहावे लागे. हे तीस दिवस परवडणार नाही. गेल्या आठवड्यात एकदा सकाळी लोकलने गेलो, पण डोंबिवलीला जलद गाडीत चढताना त्यांची जी ओढाताण झाली, ती पाहून तो मार्गही सोडून द्यावा असे वाटले. दादरला उतरल्यावर मी बराच वेळ रिक्षा शोधत होतो. त्या भागात रिक्षाच चालत नाहीत, हे तेव्हा कळले.

आम्हा दोघांचा रोजचा खर्च शंभर-सव्वाशेच्या आत राहावा आणि वडिलांना बसून जाता यावे, असा काही मार्ग आहे का? मासिक पास काढावा की रोज तिकीट? दादरला उतरावे की परळला? रुग्णांसाठी काही सवलत असल्यास तीही कृपया सांगावी. उपचाराची वेळ सकाळी साडेअकराची मिळाली आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. माझ्या सासूबाईंसाठी मी हाच प्रवास केला आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

मुंबईत लोकल स्वस्तच आहे. पैसे जातात ते घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून रुग्णालयापर्यंतच्या दोन टोकांना. म्हणून लोकल सोडण्याचा विचार करू नका, फक्त गाडी बदला. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या काही लोकल आहेत. फलाटावर दहा मिनिटे आधी उभे राहिलात तर त्यांत बसायला जागा मिळते. कल्याण, कर्जत किंवा कसाऱ्याहून भरून येणाऱ्या जलद गाडीच्या वाटेला रुग्णाला घेऊन जाऊच नये, वीस मिनिटे वाचतील पण दिवस वाया जाईल. वडिलांना दिव्यांग डब्यातूनही जाता येईल. तो कर्करोगाच्या रुग्णांसाठीही राखीव असून डब्याच्या बाहेर तसे लिहिलेले असते. रुग्णालयाचे कागद मात्र रोज जवळ ठेवावेत, कारण तपासनीस विचारतात आणि सहप्रवासी त्याहून जास्त विचारतात.

पास परळपर्यंतचा काढा. दादर वाटेतच असल्याने त्याच पासवर कोठेही उतरता येते. त्रैमासिक पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, तेव्हा सहा आठवड्यांसाठी लागोपाठ दोन मासिक पास काढणेच स्वस्त. प्रथम वर्गाचे एकेरी भाडे मे २०२२ मध्ये निम्मे झाले, परंतु ती कपात पासाला लागू नाही. गर्दीच्या वेळी त्या डब्यातही उभेच राहावे लागते, म्हणून त्या फंदात पडू नये.

आता उतरण्याबद्दल. परळला फक्त धीम्या गाड्या थांबतात. स्थानकापासून रुग्णालय धडधाकट माणसाला पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वडील सावकाश चालू शकतील, पुढे थकवा वाढतो. तेव्हा दादरला पूर्वेस उतरून दादर टी.टी.हून आंबेडकर मार्गाने परळ-लालबागकडे जाणारी बेस्टची बस धरावी आणि कंडक्टरला टाटा रुग्णालयासाठी कोठे उतरायचे ते विचारावे. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे (त्याआधी ते ५ आणि ६ होते) व त्यात पाच किलोमीटरपर्यंत जाता येते. अगदीच त्राण नसेल त्या दिवशी काळी-पिवळी टॅक्सी मीटरने करावी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहेत. रस्त्यात अडवून ठोक रक्कम सांगणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

परतताना मात्र परळच बरे. मार्च २०१९ पासून तेथून काही लोकल सुटतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत बसता येते. उपचार आटोपून दीड-दोनच्या सुमारास निघालात तर गर्दीही नसते.

गावी जाण्यायेण्याची सवलत बहुतेकांना ठाऊक नसते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्यास ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन खिडकीवरच तिकीट काढावे लागते. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणलाही थांबते आणि कराडलाही, त्यामुळे तुम्हाला दादरपर्यंत यायचीही गरज नाही. एसटीने जायचे झाल्यास ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहेच.

प्रतिसाद २

वरील सर्व योग्य आहे. तरीही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात एकदा भेटून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, याची चौकशी करावी. रोजचा डोंबिवलीचा फेराच वाचला तर याहून स्वस्त काही नाही. मात्र तेथे जागेसाठी रांग असते, म्हणून पास काढणे लांबवू नका.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिला आठवडा पार पडला. पास परळपर्यंतचा काढला. जाताना डोंबिवलीहून सुटणारी गाडी आणि दादरहून बस, येताना परळहून लोकल, असा क्रम बसला आहे. पास वगळता दोघांचे रोजचे वीस रुपये बसला आणि साधारण साठ रुपये डोंबिवलीतल्या रिक्षाला जातात. तेथील रिक्षा मुंबईच्या बसपेक्षा महाग पडावी, याचे मावशीला मुळीच आश्चर्य वाटले नाही. धर्मशाळेसाठी नाव नोंदवले आहे.

एक शंका उरली आहे. काल जोराचा पाऊस झाला आणि हिंदमातेला पाणी साचल्याने आमची बस दुसऱ्या रस्त्याने वळवली. अशा दिवशी काय करावे?

प्रतिसाद १

हिंदमातेचे पाणी दादर आणि रुग्णालय यांच्या मधोमध येते. तशा दिवशी दादरला उतरूच नका, धीम्या गाडीने थेट परळ गाठा. मात्र कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आले असेल तर लोकलच बंद पडतात. म्हणून घरातून निघण्यापूर्वी गाड्या चालू असल्याची खात्री करा आणि किरणोपचार विभागाचा दूरध्वनी क्रमांक आजच लिहून घ्या, म्हणजे वेळ बदलून मागता येईल.