मदत हवी आहे: तिसऱ्या मेन बेअरिंगचा क्लिअरन्स (फट) जास्त येतोय

मंडळी, वडिलांच्या जुन्या मारुती 800 चं इंजिन उघडलंय. गाडी गरम झाली की आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायचा, खालून ठोकाही यायचा. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) 0.25 मिमी अंडरसाइझ, म्हणजे तेवढा बारीक, ग्राइंड करून आणला, त्याच मापाचे नवे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) आणले.

काल प्लास्टिगेजने (आवळल्यावर चपटी होणारी मापाची पट्टी; जितकी रुंद होईल तितकी फट कमी) चारही मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती, तपासली. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) आणि शेल कोरडे पुसले, कॅप (बेअरिंगवरची झाकणं) मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्या, क्रँक अजिबात फिरवला नाही. तीन ठिकाणी पट्टी सारखी चपटी झाली, साधारण 0.04 मिमी. तिसऱ्या जर्नलवर मात्र ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक, म्हणजे 0.04 पासून थेट 0.07 पर्यंत. शेल काढून पाठीमागची बाजू पुसली, कॅपचा नंबर आणि बाण पाहिला, पुन्हा मोजलं. तेच.

मला वाटतं जर्नलच टेपर (एका टोकाला बारीक) ग्राइंड झालाय, पण वर्कशॉपवाले म्हणतात, "एवढं चालतं, बिनधास्त बसवा." मला ते पटत नाही. ऑइलचं प्रेशर तिथूनच जाणार ना?

मायक्रोमीटरने जर्नल दोन्ही टोकांना, आडवा-उभा मोजणार आहेच. पण तो सरळ निघाला तर? ब्लॉकचा बोअर (शेल बसतात ते भोक) टेपर असू शकतो का, की आधी शेल अदलाबदल करून पाहू? आणि दोष जर्नलचाच असेल तर चारही 0.50 ला न्यावे लागतील ना? कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास कोणाकडे बोअर गेज असेल तर कृपया सांगा. वडिलांना गाडी पुन्हा चालवायचीय, घाईने बसवायची नाही.