अनुभव धागा : मोठेपणी पहिल्यांदा लाल मातीत उतरलात?

कोल्हापुरात कुस्ती बघणारे गल्लोगल्ली आहेत. राजर्षी शाहूंनी 1912 साली उभारलेल्या खासबाग कुस्ती मैदानात कुठल्याही कोपऱ्यात बसा, हौदा, म्हणजे मधला मातीचा आखाडा, सरळ दिसतो. डाव ओळखायला आपण बसल्या जागी शिकतो. पण नोकरी-संसार लागल्यावर स्वतः लंगोट लावून उतरलेल्यांचे अनुभव फारसे कुणी लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. अंगाला काय झालं, वस्तादांनी सुरुवात कशी करून दिली, घरचे काय म्हणाले, सगळं. माझ्यापासून सुरू करतो.

तिशी ओलांडल्यावर मी पेठेतल्या तालमीत गेलो. सुरुवातीला कुणाशी जोड, म्हणजे लढत, नाहीच. पहाटे हौद्यात उतरायचं, खोरं घ्यायचं आणि माती उकरायची. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली ही माती रोज पायाखाली दबून घट्ट बसते. मोकळी केली नाही तर पडणाऱ्याला लागतं. खोरं ओढताना पाठ, मनगटं आणि मांड्या एकदम कामाला लागतात, आणि कुस्तीत पहिल्यांदा कस लागतो तो त्यांचाच. मग जोर, बैठका, सपाटे. मांड्या इतक्या भरून यायच्या की पायरी उतरताना भिंत धरायला लागायची.

पहिली जोड लागली ती एका शाळकरी पोराशी, वजनानं माझ्याहून पुष्कळ हलका. त्यानं मानेवर हात टाकला आणि अंगाचा सगळा भार कोपरातून खाली सोडला. माझा श्वास आपोआप कोंडला. वस्ताद काठावरून ओरडले, "दम धरू नगंस, सोड त्यो! मान वर!" श्वास सोडला तसे खांदे सैल झाले आणि पाय हलायला लागले. अंगात ताकद असून दम का तुटतो, ते तिथं कळलं.

---

मी दोन मुलांची आई. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती 2004 पासून आहे, तरी आमच्या गल्लीत लग्न झालेली बाई कुस्ती शिकायला जाते हे नवलच होतं. मुलीला मॅटवर सोडायला जायचे, तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण या की."

पहिल्यांदा एकेरी पट शिकले. समोरचीच्या पायाशी शिरायचं, डोकं तिच्या बरगडीला लावायचं, पाठ सरळ. डोकं खाली गेलं की ती वरून दाबतेच. मॅट दिसायला मऊ, पण गुडघे आणि कोपरं सोलून काढते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. ऐकायला थोडं वाटतं, उभं राहिल्यावर संपता संपत नाही.

सासूबाई एकदा बघायला आल्या. तिथं काही बोलल्या नाहीत. रात्री खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि म्हणाल्या, "पाय कर इकडं." हे लिहितानाही भरून येतंय.

---

ताईंचं बरोबर आहे. मी मातीतून मॅटवर गेलो. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट चिकटतो, वळणंच वेगळं. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर गुण पळत असतात. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. 1948 ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले, 1952 ला हेलसिंकीला कांस्य घेतलं. मधल्या वर्षांत त्यांनी काय मेहनत केली असेल, ते मॅटवर स्वतः उभं राहिल्यावर जाणवलं.

---

फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः शिकतोय. नवख्यांनो, एवढं कराच. नखं कापा, अंगठी आणि गळ्यातलं काढून ठेवा. कान रगडला जाऊन मऊ फुगवटा आला तर कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचलेलं असतं. लगेच डॉक्टरांकडून काढून घ्या, नाहीतर कान कायमचा वेडावाकडा होतो. पैलवानाची खूण म्हणून पोरं तो मिरवतात, मला ते अजिबात पटत नाही. गोल, खाजरा चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत उतरू नका, नायटा जोडीदारालाही लागतो. आणि हाताला मुंग्या आल्या की त्या दिवशी बंद.

---

खांदा निखळला, ऑपरेशन झालं, लढत सुटली. तालीम सोडली नाही. पहाटे जाऊन हौदा उकरतो, पोरांच्या जोडी बघतो. लढायचं नाही तर कशाला जातोस, असं विचारतात. मला तिथं जावंसं वाटतं.

---

पंचेचाळिशीत चालेल का? रक्तदाबाची गोळी चालू आहे.

---

दादा, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर या, वस्ताद बैठकांपासून सुरू करून देतील, जोडीची घाई कुणी करणार नाही. येताना जुना टॉवेल आणा. नंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊ.