कॉर्ग एम१ आज घ्यावा का?

खर्ज_पंचम: कॉर्गचा जुना एम१ (सिंथेसायझर कीबोर्ड) मिळतोय. पट्ट्या ठीक वाजतात, पण चालू केला की आतली बॅटरी संपत आल्याचा इशारा दिसतो. घरी चाली बांधायला घेऊ का? आणि याचं एवढं नाव कशामुळे?

रात्रपाळी: बॅटरीपायी सोडू नका हो. आत सीआर२०३२ सेल असतो. मात्र तो काढला की १०० प्रोग्रॅम (साठवलेले आवाज) आणि १०० कॉम्बिनेशन (त्या आवाजांच्या जुळण्या) पुसले जातात. आधी मिडीवरून (वाद्य संगणकाला जोडायची सोय) सिसेक्स डंप, म्हणजे त्या सगळ्याची प्रत, संगणकात घ्या, मगच स्क्रूड्रायव्हर हातात धरा.

आता नावाचं. कीबोर्डात सिक्वेन्सर (वाजवलेलं साठवून पुन्हा वाजवणारा भाग) घालण्यात नवल नव्हतं, एन्सॉनिकच्या ईएसक्यू-१ मध्ये तो १९८६ सालीच होता. मेमरी तेव्हा महाग. म्हणून रोलंडने डी-५० मध्ये (१९८७) सुराचा फक्त आरंभ सॅम्पलमधून (मुद्रित आवाजाच्या तुकड्यातून) घेतला आणि पुढचा भाग सिंथेसिसवर (यंत्रानेच घडवलेल्या आवाजावर) भागवला. कॉर्गने १९८८ मध्ये ४ मेगाबाइट रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) पियानो, तंतुवाद्यं, बासरी, ड्रम सगळं भरलं. वर दोन इफेक्ट प्रोसेसर (आवाजाला घुमारा वगैरे देणारे) आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर. आख्खं गाणं एकाच डब्यात! त्यातला पियानो खऱ्यासारखा मुळीच नाही, पत्र्यासारखा कडक वाजतो. पण नेमका त्यामुळेच तो ड्रमच्या गलक्यात दबत नाही, आणि नव्वदीतल्या हाऊस या नृत्यसंगीतवाल्यांनी तोच उचलला.

खर्ज_पंचम: म्हणजे ८ ट्रॅकवर आरामात गाणं होईल?

रात्रपाळी: आरामात नाही. एका वेळी वाजणारे आवाज एकूण १६, आणि ते सगळ्या ट्रॅकना मिळून. दोन ऑसिलेटरचा (आवाज निर्माण करणाऱ्या भागांचा) प्रोग्रॅम लावलात की एका सुराला दोन आवाज लागतात, उरतात ८. डाव्या हाताने तंतुवाद्यांची चार सुरांची कॉर्ड धरलीत की निम्मे तिथेच संपले. पुढे बास, ड्रम आले की आधीचे सूर मधेच तुटतात. म्हणून बास एका ऑसिलेटरवरच ठेवायचा. स्वतःचे सॅम्पल भरायची सोय नाही, फिल्टरला रेझोनन्स (आवाजाला वळवळ देणारा उठाव) नाही. वळवळणारा सिंथ बास हवा असेल तर हा नव्हे.

मिक्सवाला: नुसता आवाजच हवा असेल तर कॉर्गचंच एम१ सॉफ्टवेअर घ्या की. त्यात रेझोनन्सही आहे. ३५ वर्षांहून जुनं यंत्र कशाला सांभाळायचं?

रात्रपाळी: आवाजापुरतं मान्य. पण संगणक न उघडता बसायचं असेल, तर पट्ट्यांसाठी मी यंत्रच घेईन. खर्ज_पंचम, पैसे देण्याआधी पट्टी दाबून धरून आफ्टरटच (दाबलेल्या पट्टीवर आणखी जोर दिला की आवाज बदलणं) चालतो का ते बघा, आणि मागचा मेमरी कार्डचा खाचा तपासा. सोबत कार्ड देत असतील तर नाही म्हणू नका.