मदत हवी आहे: हिमालयातलं पोटेन्टिला नागपूरच्या मे महिन्यात कसं जगवायचं?

नमस्कार मंडळी,

मुलीने कुलूजवळच्या एका रोपवाटिकेतून पोटेन्टिला फ्रुटिकोसाचं रोप आणून दिलंय. (रानातून उपटलेलं नाही, आधीच सांगतो.) मूळचं हे तीन-चार हजार मीटरवर दगडधोंड्यांत वाढणारं बुटकं झुडूप. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, थंडीत पानगळ. आलं तेव्हा नुसत्या काड्या होत्या, आता पालवी फुटलीय. आणि समोर एप्रिल-मे.

मातीचं मी बघून घेतलंय. आपली काळी माती यात बाद, कारण ती पाणी धरून बसते. चाळलेला मुरूम, बारीक गिट्टी, कन्हानची जाड रेती आणि अगदी थोडं पानखत असं मिश्रण केलंय. मुरूम चाळावाच लागतो, नाहीतर भुकटी तळाशी बसून घट्ट होते. बोअरचं पाणी जड (क्षारांचं) आहे, पण याला बुरांशासारखी (ऱ्होडोडेंड्रॉन) आम्लधर्मी माती लागत नाही, त्यामुळे ती काळजी नाही.

खरी अडचण रात्रीची आहे. दुपारचे ४५ अंश ग्रीन नेट आणि पूर्वेच्या भिंतीच्या आडोशाने कसेबसे निभतील. पण मेमध्ये रात्रीसुद्धा पारा तिशीच्या आसपास अडकतो. डोंगरात रात्री गार असतात, म्हणून दिवसा तयार केलेलं अन्न झाडाकडे शिल्लक राहतं. इथे उकाड्यात ते श्वसनातच खर्ची पडणार.

विचार असा आहे: मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या फटीत ओली रेती. माठाचंच तत्त्व. आपला मे कोरडा, म्हणजे गारवा मिळायला हवा. पण ओल आत झिरपून मुळं कुजतील का? आतल्या कुंडीला बाहेरून ऑइलपेंट मारला तर? कुणी केलंय का असं? पाऊस लागला की रेती काढून कुंडी पत्र्याखाली नेईन. दमट हवेत ही युक्ती तशीही चालत नाही. (कूलरसमोर ठेव, असा सल्ला घरात मिळालाय, पण ती जागा आईची आहे.)

दुसरं, थंडी. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश झाले होते, पण तो अपवाद. एरवी हिवाळ्यात किमान तापमान १०-१२च्या घरात. तेवढ्यावर याची विश्रांती नीट होऊन पुढे फुलं येतात का?

'त्यापेक्षा अडेनियम (उन्हात तगणारं वाळवंटी गुलाबाचं झाड) लावा' हे उत्तर कृपया नको, ती आहेत माझ्याकडे. चिखलदऱ्याला कुणाची बाग असेल तर मात्र जरूर कळवा. साधारण ११०० मीटरवर रात्री तरी बऱ्या असतील. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत रोप पोचवायची माझी तयारी आहे.